मोटारींतील जुना संच आणि नवा संच

मोटारगाडी नीट वापरली तर पंधरा-वीस वर्षें सहज चालते. परंतु तिच्या डॅशबोर्डांत बसविलेला रेडिओचा संच मात्र तिच्या निम्म्या वयांतच म्हातारा होतो. इंजिन धडधाकट असतें, गाद्या शाबूत असतात, पण कॅसेट बाजारांत मिळत नाहीं, तबकडी आंत घातली तर ती तशीच परत बाहेर येते, आणि घरांतील तरुण मंडळींचीं सारीं गाणीं तर खिशांतील फोनमध्यें असतात. अशा वेळीं घरांत असा ठराव होतो कीं, गाडी ठेवावी आणि संच बदलावा. ठराव शहाणपणाचा आहे. मात्र तो अंमलांत आणण्याची रीत बहुधा तितकी शहाणपणाची नसते.

संच बसवून देणारा कारागीर हें काम अर्ध्या तासांत करून देतों असें म्हणतो, आणि पुष्कळदां देतोहि. तो वेळ कोठें वांचतो, हें मालकास दिसत नाहीं. कारण तो डॅशबोर्डाच्या मागें वांचलेला असतो. गाडीच्या कारखान्यांत बसविलेला तारांचा कपलर कापावयाचा, उघड्या तारा एकमेकींस पिळावयाच्या, त्यांवर काळी टेप गुंडाळावयाची आणि सारें आंत ढकलून द्यावयाचें, एवढ्यांत काम उरकतें. गाणें लागतें, मालक खूष होतो. परंतु कांहीं हजारांच्या पेटीसाठीं कांहीं लाखांच्या गाडीच्या वायरिंगवर कात्री चाललेली असते, आणि तिचे परिणाम महिन्या-दोन महिन्यांनीं, कधीं एका उन्हाळ्यानंतर, दिसूं लागतात. म्हणून संच बदलणें म्हणजे एक पेटी काढून दुसरी ठेवणें नव्हे, हें प्रथम ध्यानांत घेतलें पाहिजे. नव्या संचाचे गाडीशीं तीन करार व्हावे लागतात: एक मापाचा, दुसरा विजेचा आणि तिसरा लहरींचा. हे तिन्ही करार गाडीची एकहि मूळ तार न कापतां करतां येतात, हीच या विषयांतील मुख्य गोष्ट होय.

मोटारींतील नभोवाणीची कथा फारशी जुनी नाहीं. इ. स. १९३० मध्यें अमेरिकेंतील शिकागो शहरीं गॅल्व्हिन यांच्या कारखान्यानें ‘मोटोरोला’ या नांवानें मोटारींत बसविण्याजोगा रेडिओ विक्रीस काढला. त्या काळच्या संचांत कांचेचे व्हॉल्व्ह असत. त्यांना उच्च दाबाची वीज लागे आणि मोटारींत तर सहा व्होल्टांची बॅटरी असे. त्यामुळें संच बसविणें हा एक दिवसभराचा उद्योग होता. इ. स. १९३२ मध्यें जर्मनींतील ब्लाउपुंक्ट कंपनीनें युरोपांत असाच संच काढला. त्याच्या कळा सुकाणूच्या दांड्याजवळ बसविलेल्या होत्या. पुढें इ. स. १९६३ मध्यें फिलिप्स कंपनीनें लहान कॅसेट आणली, इ. स. १९८४ मध्यें जपानच्या पायोनिअर कंपनीनें मोटारींत वाजणारा तबकडीचा संच आणला, आणि चालू शतकांत फोनशीं बिनतारी संबंध जोडणारे संच आले. गाणें सांठविण्याची पद्धति दर दहा-पंधरा वर्षांनीं पालटत गेली. गाडीचें आयुष्य तिच्याहून मोठें ठरलें. मोटारींतील संच बदलण्याची गरज या विसंगतींतून उत्पन्न होते.

छत्रपती संभाजीनगरास, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादेस, हा प्रश्न घरचाच आहे. शहराच्या पूर्वेस जालना रस्त्यावर शेंद्रा येथें झेक देशांतील स्कोडा कंपनीचा कारखाना इ. स. २००१ मध्यें सुरू झाला आणि तेथें जोडलेली ‘ऑक्टेव्हिया’ ही गाडी देशभर गेली. त्या पहिल्या पिढींतील गाड्या आतां पंधरा वर्षांहून अधिक वयाच्या झाल्या आहेत. त्यांपैकीं ज्या आजहि नीट चालतात, त्यांचा मूळ संच मात्र कालबाह्य झाला आहे. शिवाय या गाडीच्या वायरिंगमध्यें कांहीं विशेष गोष्टी आहेत. त्या ठाऊक असल्या तर काम सुलभ होतें, आणि ठाऊक नसल्या तर चांगल्या संचास विनाकारण दोष लागतो. म्हणून पुढील विवेचनांत तिचेंच उदाहरण ठिकठिकाणीं घेतलें आहे.

प्रथम मापाचा करार. मोटारींतील संचाच्या खोबणीचें माप जर्मनींत ठरलें आणि पुढें तें आंतरराष्ट्रीय झालें. त्या मापाची लहान खोबण १८० मिलिमीटर रुंद आणि ५० मिलिमीटर उंच असते. दुकानांत तिला ‘सिंगल डिन’ म्हणतात. ‘डबल डिन’ची रुंदी तीच, पण उंची १०० मिलिमीटर असते. ज्या गाडीची खोबण या मापाची आहे, तींत कोणत्याहि कंपनीचा त्या मापाचा संच बसतो. नऊ किंवा दहा इंचांच्या पडद्याचे जे संच हल्लीं लोकप्रिय आहेत, त्यांचा पडदा खोबणीच्या बाहेर राहतो आणि त्यासाठीं त्या त्या गाडीची निराळी फ्रेम लागते. अशी फ्रेम मिळते कीं नाहीं, हें संच विकत घेण्यापूर्वीं पाहावें. ती न मिळाल्यास डॅशबोर्ड तासून संच बसविण्याचा आग्रह धरूं नये. तासलेलें प्लॅस्टिक पुन्हां भरून येत नाहीं. रुंदी-उंचीप्रमाणेंच खोलीहि मोजावी, कारण मागें कपलर, तारा आणि अँटेनाचें टोंक यांनाहि जागा लागते. जुना संच खेंचून काढावयाचा नसतो. त्याच्या तोंडावरील फटींत पातळ पोलादी किल्ल्या सारल्या कीं तो अलगद सुटतो. स्कोडाच्या जुन्या संचांना चोरीपासून संरक्षण म्हणून चार आकड्यांचा संकेत दिलेला असे. तो कागद शोधून ठेवावा, म्हणजे पुढें गाडी विकतांना मूळ संच परत बसवितां येतो.

दुसरा करार विजेचा, आणि तोच सर्वांत महत्त्वाचा. बाजारांतील बहुतेक संचांच्या मागें तारांचे रंग ठरलेले असतात. पिवळी तार बॅटरीशीं कायम जोडलेली असावी लागते. घड्याळ, केंद्रांची यादी, आवाजाची मांडणी या साऱ्यांची स्मृति तिच्यावर जगते. तांबड्या तारेंत किल्ली फिरविल्यावरच वीज यावी. संचानें केव्हां जागें व्हावें आणि केव्हां झोंपावें हें ती सांगते. काळी तार गाडीच्या धातूच्या सांगाड्याशीं, म्हणजे अर्थशीं, जोडावयाची. पिवळी आणि तांबडी यांची अदलाबदल झाली तर गाडी बंद केली कीं संच सारें विसरतो. हा त्रास टाळण्यासाठीं दोन्ही तारा एकत्र करून बॅटरीस जोडणें हा उपाय कांहीं ठिकाणीं केला जातो, पण तो रोगाहून वाईट आहे. समजा, पडदा मिटवूनहि संच अर्धा अँपिअर प्रवाह ओढीत राहिला आणि गाडीची बॅटरी ६० अँपिअर-तासांची आहे. मग १२० तासांत, म्हणजे पांच दिवसांत, ती पार रिकामी होईल. आणि स्टार्टर फिरविण्याची ताकद तर त्याच्या पुष्कळ आधींच जाईल. कुटुंब चार दिवस गांवीं जाऊन आल्यावर गाडी सुरूं होत नाहीं, तेव्हां दोष बॅटरीला दिला जातो. खरें कारण डॅशबोर्डाच्या मागें असतें.

येथेंच स्कोडाचा विशेष ध्यानांत घ्यावा लागतो. युरोपीय गाड्यांत संचासाठीं आठ-आठ घरांचे दोन कपलर असतात. एक विजेसाठीं आणि दुसरा स्पीकरसाठीं. आय. एस. ओ. १०४८७ या प्रमाणांत कोणत्या घरांत कोणती तार यावी हें नेमून दिलें आहे. त्याप्रमाणें विजेच्या कपलरांत चौथ्या घरांत कायमची वीज आणि सातव्या घरांत किल्लीची वीज येते. परंतु फोक्सवॅगन समूहाच्या, म्हणून स्कोडाच्याहि, त्या काळांतील अनेक गाड्यांत हीं दोन घरें उलट वापरलीं आहेत. सरळ कपलर जोडला तर संच रोज विसरभोळा होतो, त्याचें कारण हें. शिवाय याच कपलरांत एखादी तार गाडीच्या तपासणीसाठीं राखलेली असते. ती नव्या संचाच्या भलत्या तारेशीं जोडली गेली, तर पुढें कार्यशाळेंतील तपासणीयंत्रास गाडीच्या संगणकाशीं बोलतां येत नाहीं. या साऱ्यावर उपाय सोपा आहे. त्या गाडीसाठीं तयार केलेला जोडकपलर मिळतो. त्याची एक बाजू गाडीच्या मूळ कपलरांत बसते आणि दुसऱ्या बाजूच्या सुट्या तारा नव्या संचास जोडावयाच्या असतात. जी काय कापाकापी व जोडाजोडी करावयाची ती या स्वस्त तुकड्यावर करावी. गाडीच्या अंगावर करूं नये. चौथ्या-सातव्या घरांची अदलाबदलहि येथेंच करतां येते. कारागिरानें व्होल्टमीटर लावून, किल्ली बंद असतां व चालू असतां, दोन्ही घरें मोजून पाहावीं. केवळ रंगावर विसंबूं नये, कारण बाजारी संचाचे रंग आणि गाडीचे रंग एकच असतात असें नाहीं.

तारा जोडण्याची रीतहि विचार करण्याजोगी आहे. मराठवाड्यांत वैशाखांत पारा चाळिसाच्या वर जातो, आणि उन्हांत उभ्या असलेल्या बंद गाडीच्या डॅशबोर्डामागील उष्णता त्याहूनहि पुष्कळ अधिक असते. त्या उष्णतेंत साध्या टेपचा डिंक पातळ होतो, टेप सुटते आणि उघड्या तारा रस्त्याच्या हादऱ्यांनीं एकमेकींस किंवा धातूस टेंकतात. म्हणून सांधा सोल्डरनें झाळावा आणि त्यावर उष्णतेनें आंवळणारी नळी चढवावी, अथवा योग्य मापाची धातूची टोपी दाबून तो बंद करावा. एवढें करूनहि कांहीं चुकलें तर शेवटचा रक्षक म्हणजे फ्यूज. संचाचा फ्यूज बहुधा १० किंवा १५ अँपिअरचा असतो, आणि त्याचें काम संचापेक्षां तारेचें रक्षण करणें हें आहे. तारेंत उत्पन्न होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. प्रवाह दुप्पट झाला तर उष्णता चौपट होते. १० अँपिअरचा फ्यूज वारंवार जळतो म्हणून त्या जागीं २० चा घालणें म्हणजे तारेस चौपट तापण्याची परवानगी देणें होय. मग फ्यूजच्या ऐवजीं तारच जळते, आणि तार जळण्याची जागा कुटुंब बसतें त्या कोंदट गाडीच्या आंत असते. फ्यूज जळणें ही एक सूचना असते. तिचें कारण शोधावें, तिचें तोंड बंद करूं नये.

स्पीकरांच्या बाबतींत गिऱ्हाइकास भुरळ पाडणारी गोष्ट म्हणजे खोक्यावरील आंकडा. पुष्कळ संचांवर ‘५० वॅट गुणिले चार’ असें छापलेलें असतें. हा आंकडा कोठून येतो, हें साध्या गणितानें कळतें. इंजिन चालूं असतांना गाडींतील विजेचा दाब सुमारें १४.४ व्होल्ट असतो आणि मोटारींतील स्पीकराचा विरोध सामान्यतः ४ ओहम. १४.४ चा वर्ग करून त्यास ४ नें भागलें कीं सुमारें ५२ येतात. परंतु ही शक्ति, दाब सर्व वेळ पराकाष्ठेस टेंकलेला असेल तेव्हांची, म्हणजे केवळ फाटलेल्या आवाजाची. शुद्ध स्वरासाठीं तिच्या निम्मी, सुमारें २६ वॅट, ही सैद्धांतिक सीमा होय. प्रत्यक्षांत विसाच्या आसपास मिळते. पडताळा पाहावयाचा तर १० अँपिअरच्या फ्यूजकडे पाहावें: त्यांतून १४.४ व्होल्टांवर १४४ वॅटांहून अधिक शक्ति सतत जाऊंच शकत नाहीं. मग चार वाहिन्यांस मिळून २०० वॅट कोठून येणार? बंद गाडींत गाणें ऐकण्यास वीस वॅट पुरून उरतात. मोठ्या आंकड्यासाठीं अधिक पैसे मोजण्यापेक्षां तेच पैसे फाटलेले जुने स्पीकर बदलण्यांत घालावे. कानास फरक तेथें अधिक जाणवतो.

आणखी एक सावधगिरी. आजच्या संचांत स्पीकरास जाणाऱ्या दोन्ही तारा जिवंत असतात. त्यांपैकीं एकहि अर्थशीं जोडावयाची नसते. फार जुन्या गाड्यांत स्पीकराची एक तार सांगाड्यास जोडण्याची प्रथा होती. तशा वायरिंगवर नवा संच चढविला तर त्यांतील ध्वनिवर्धकाचा तुकडा जळून जाण्याचा संभव असतो. पांढरी, करडी, हिरवी व जांभळी या चार तारा आणि त्यांच्या काळ्या रेघेच्या जोडीदारणी, अशा आठ तारा चार स्पीकरांपर्यंत स्वतंत्र गेल्या पाहिजेत.

तिसरा करार लहरींचा. नवा संच बसविला, फोनवरचीं गाणीं उत्तम वाजतात, पण रेडिओ मात्र खरखरतो, अशी तक्रार पुष्कळदां ऐकूं येते. ऑक्टेव्हियासारख्या गाडींत छतावरील लहान अँटेनाच्या बुडाशीं एक छोटा वर्धक असतो, आणि त्याला लागणारी वीज अँटेनाच्या तारेंतूनच वर चढविलेली असते. मूळ संच ती वीज देत असे. बाजारी संच तिची अपेक्षाच करीत नाहीं. त्याच्या मागें एक निळी तार असते, ती वीज देण्यास तयार असते. पण ती अँटेनाच्या तारेंत सोडणारा एक लहानसा जोडतुकडा मध्यें लागतो. तो न लावल्यास वर्धक झोंपलेला राहतो. शहरांत असतांना हें कळत नाहीं, कारण छत्रपती संभाजीनगरचें आकाशवाणी केंद्र १०१.७ मेगाहर्ट्झवर जवळूनच ऐकूं येतें. कन्नडच्या वाटेला लागलें कीं आवाज विरळ होऊं लागतो. एफ. एम. च्या लहरी बव्हंशीं सरळ रेषेंत जातात. डोंगर आडवा आला कीं त्या अडतात, म्हणून औट्रम घाट उतरतांना उत्तम संचहि हरतो. परंतु जो संच शहराबाहेर पडतांच सपाटीवरच हरतो, त्याच्या अँटेनाची वीज प्रथम तपासावी.

जपानमधून आलेले वापरलेले संच स्वस्त मिळतात. त्यांविषयीं एक गोष्ट लक्षांत ठेवावी. जपानांत एफ. एम. चा पट्टा ७६ मेगाहर्ट्झपासून सुरूं होतो आणि जुन्या संचांत तो ९० वरच संपतो. भारतांत तो ८७.५ पासून १०८ पर्यंत आहे. अशा संचावर १०१.७ हा आंकडा येतच नाहीं. म्हणजे गांवचें केंद्र कायमचें मुकें. त्या केंद्रावरून मराठी आणि उर्दू या दोन्ही भाषांत प्रादेशिक बातम्या दिल्या जातात. पावसाळ्यांत फोनची रेंज गेलेल्या रस्त्यावर त्या ऐकावयाच्या असतील, तर संच घेतांना हा पट्टा पाहून घ्यावा.

नव्या संचाचा पडदा हा जितका सोयीचा तितकाच जोखमीचा आहे. ताशी ६० किलोमीटर वेगानें जाणारी गाडी एका सेकंदांत जवळजवळ १७ मीटर पुढें जाते. पडद्यावर गाणें शोधण्यांत दोन सेकंद गेले, तर गाडी ३३ मीटर आंधळी धांवते. जुन्या संचाची खुंटी न पाहतां फिरवितां येत असे. पडद्याकडे मात्र पाहावेंच लागतें. म्हणून आवाजासाठीं खरी फिरती खुंटी असलेला संच श्रेयस्कर. सुकाणूवर कळा असतील तर त्या नव्या संचाशीं जोडून घ्याव्या. कांहीं गाड्यांत त्या साध्या विरोधकांवर चालतात, कांहींत गाडीच्या संदेशवाहिनीवर, आणि दुसऱ्या प्रकारास निराळा जोडतुकडा लागतो. गाडी चालवीत असतां फोन हातांत धरून वापरणें हें मोटार वाहन कायद्याच्या इ. स. २०१९ मधील दुरुस्तीनंतर कलम १८४ खालीं धोकादायक वाहनचालन गणलें जातें; तेव्हां बोलावयाचेंच झालें तर गाडी बाजूस उभी करावी. चित्रपट दाखविणारा पडदा गाडी चालूं असतांना बंद राहील अशी जी तार असते, ती कित्येक ठिकाणीं मुद्दाम अर्थला जोडून निकामी केली जाते. ती जशीच्या तशी ठेवण्यास कारागिरास सांगावें.

कामाचा क्रम असा असावा. प्रथम बॅटरीची ऋण बाजू सोडवावी आणि थोडा वेळ थांबावें; डॅशबोर्डांत वायुपिशव्या असलेल्या गाडींत तर हें अवश्य करावें. जोडकपलर बांकावर बसून नव्या संचास जोडावा, गाडींत वांकून नव्हे. मग बॅटरी जोडून संच खोबणींत ढकलण्यापूर्वींच सर्व तपासावें: किल्ली काढतांच संच बंद होतो काय, पुन्हां लावल्यावर केंद्रें आठवतात काय, चारी स्पीकर आपापल्या कोपऱ्यांतून बोलतात काय, रेडिओ लागतो काय. यानंतरच फ्रेम दाबून बसवावी. विमा कंपनीसहि कळवावें. कारखान्यानें दिलेल्याहून निराळ्या विजेच्या उपकरणांची किंमत विम्यांत वेगळी दाखवावी लागते, आणि त्यासाठींचें पुरवणी कलम आय. एम. टी. २४ या क्रमांकानें ओळखलें जातें. ती नोंद नसेल, तर संच चोरीस गेल्यास त्याची भरपाई मागणें कठीण जातें.

या साऱ्यास अर्ध्या तासाऐवजीं दोन-तीन तास लागतील, आणि जोडकपलर, फ्रेम व अँटेनाचा तुकडा मिळून थोडा अधिक खर्च येईल. तो खर्च अनाठायीं नव्हे. आज मोठ्या हौसेनें बसविलेला संचहि दहा वर्षांनीं कालबाह्य होणार आहे, आणि तेव्हां कोणी तरी पुन्हां डॅशबोर्ड उघडणार आहे. त्या वेळीं त्याच्या हातांत गाडीचा मूळ कपलर अखंड आला, तर त्याचें काम सोपें होईल. पिळलेल्या तारांचा गुंता आला, तर कोणती तार कोठली हें त्यास पुन्हां पहिल्यापासून शोधावें लागेल. मालकानें कारागिरास काम सोंपवितांना एकच अट घालावी: गाडीची तार कापावयाची नाहीं. ही अट जो कुरकुर न करतां मान्य करतो, त्याच्या हातीं गाडी निर्धास्त द्यावी.